अबू निम्रच्या घरचं मत

नाब्लसमध्ये मत नसलेला एक पुरुष दाखवा, मी त्याला पोटभर कुनाफ्याची मिठाई खाऊ घालते, असं इन्साफ पंचवीस वर्षं म्हणत आली आहे आणि अजून तिचा एक शेकेलसुद्धा खर्च झालेला नाही.

तिचा धंदाच मतांचा. पहिल्या उठावात विद्यापीठाला टाळं लागलं, शिक्षण अर्धवट सुटलं. पुढे शांततेच्या करारावर सह्या झाल्या तेव्हा रामल्लातल्या एका संस्थेला दारोदार फिरून प्रश्न विचारणाऱ्या बायका हव्या होत्या. दोन आठवड्यांचं काम, असं सांगितलं होतं. शांतता दोन आठवड्यांत येणार असावी बहुतेक! ती आली नाही आणि इन्साफचं काम काही संपलं नाही. राज्यं दोन हवीत की एक, वाटाघाटी हव्यात की बंदुका, येत्या पाच वर्षांत काही बरं होईल असं वाटतं का. प्रश्न तेच, फक्त खर्च उचलणारा देश बदलायचा.

त्या उत्तरांची टक्केवारी काढून संस्थेतले साहेब लोक युरोपातल्या हॉटेलांत जायचे आणि पॅलेस्टिनी समाजाला काय वाटतं ते गोऱ्यांना समजावून सांगायचे. त्या घटकेला पॅलेस्टिनी समाजाला काय वाटत असायचं? नाक्यावर सैनिकांनी गाडी अडवून धरलीय, उन्हानं डोकं उठलंय आणि लघवीला लागलीय, एवढंच वाटत असायचं. पण तो पर्याय छापलेला नसायचा.

घरातही सुटका नव्हती. नवरा वस्फी टॅक्सी चालवायचा आणि तोंडही. अमेरिकेनं काय करायला हवं होतं हे त्याला हुवाऱ्याच्या नाक्यापर्यंत पोचायच्या आत सांगून व्हायचं. ‘‘एकदा तरी मला विचार ना गं,’’ सर्वेक्षणाच्या दर फेरीला तो म्हणायचा. ‘‘नातेवाइकांना विचारता येत नाही,’’ इन्साफ म्हणायची आणि मनातल्या मनात त्या नियमाचे आभार मानायची.

एकदा सायप्रसला दोन्हीकडच्या संस्थांची मिळून कार्यशाळा झाली. तिथे तिच्या शेजारी झेहावा नावाची तेल अवीवची बाई बसली होती. ती हेच प्रश्न फोनवरून तिकडच्या लोकांना विचारायची. व्यासपीठावर कुणीतरी विश्वासनिर्मितीवर बोलत होता. झेहावानं हळूच विचारलं, ‘‘तुमच्याकडे बाईला प्रश्न विचारला की नवरे काय करतात?’’

‘‘दारात आडवे उभे राहतात. तुमच्याकडे?’’

‘‘फोन हिसकावून घेतात.’’

दोघी इतक्या हसल्या की व्यासपीठावरचा माणूस थांबला आणि खुलासा मागू लागला. एवढ्या मोठ्या खर्चातून निघालेलं एकमत ते एवढंच.

इन्साफचा एकच हट्ट होता. संस्थेचा नियम असा, की घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे होऊन गेला असेल त्यालाच विचारायचं, तेही एकट्याला. बाकीच्या बायकांनी हा नियम केव्हाच गुंडाळून ठेवला होता. दारात जो पुरुष उभा असेल त्याला विचारायचं आणि मोकळं व्हायचं. काही बहाद्दर तर ऑलिव्हच्या झाडाखाली बसून सगळ्या गावाची उत्तरं स्वतःच भरून टाकायच्या. इन्साफनं मात्र नियम सोडला नाही. देशावर प्रेम वगैरे काही नव्हतं त्यात. दारातल्या पुरुषाचा पडलेला चेहरा बघायला तिला आवडायचं, खरं कारण ते.

त्या वर्षी चिठ्ठीत दैर अल-लोज गाव निघालं आणि गावात अबू निम्रचं घर.

अबू निम्रला ओळखत नाही असा माणूस त्या भागात नव्हता. त्याचा थोरला मुलगा निम्र इस्रायली तुरुंगात होता. लग्नाला चार महिने झाले असताना त्याला नेलं, त्याला आता सात वर्षं झाली होती आणि अजून बरीच उरली होती. मुलगा आत गेला आणि बाप मोठा झाला. टीव्हीवाले त्याच्याकडे, पक्षवाले त्याच्याकडे, परदेशी पाहुणे त्याच्याकडे. म्हाताऱ्यानं दिवाणखान्यात मुलाचा फोटो लावला होता आणि मुलाखत देताना नेमकं कुठे बसलं की तो मागे दिसतो हे त्याला पाठ झालं होतं. सून रनीम घरातच राहत होती, सासऱ्याला काका म्हणायची. तिला तुरुंगात भेटीचा परवाना मिळत नव्हता, म्हाताऱ्याला मिळत होता. त्यामुळे नवऱ्याचा निरोप सासऱ्याकडून यायचा आणि हिचा सासऱ्याकडून जायचा. मध्ये सासरा.

इन्साफ पोचली तेव्हा दिवाणखाना भरलेला. गावातले चारपाच मानकरी, नाब्लसचा एक पत्रकार आणि निम्रचा वकील शुक्री. इन्साफनं येण्याचं कारण सांगितलं.

‘‘विचारा,’’ अबू निम्रनं अंगरखा सारखा केला. ‘‘लिहून घ्या सावकाश. मी भरभर बोलतो.’’

‘‘तुम्हालाच असं नाही, हाजी. आधी सांगा, घरात कुणाचा वाढदिवस अलीकडे झाला?’’

‘‘वाढदिवस?’’ म्हाताऱ्यानं पत्रकाराकडे बघून घेतलं. ‘‘बाई, आमचा मुलगा साखळदंडात आहे. या घरात वाढदिवस होत नसतात.’’

मानकऱ्यांनी माना डोलावल्या. पत्रकारानं टिपून घेतलं. तेवढ्यात रनीम कडू कॉफीचे छोटे पेले घेऊन आली. पेला इन्साफच्या हातात देताना हळूच म्हणाली, ‘‘माझा. गेल्या आठवड्यात.’’ आणि आत गेली.

‘‘मग तुमच्या सुनेला विचारायचं,’’ इन्साफ म्हणाली.

‘‘तिचं मत मीच सांगतो की! या घरात मत एकच असतं.’’

‘‘आणि काय मत!’’ एक मानकरी पुढे सरसावला. ‘‘बाई, तुम्हाला ठाऊक नाही वाटतं? कैद्यांच्या अदलाबदलीत इस्रायलवाले निम्रला सोडायला तयार आहेत. पण घरी नाही, देशाबाहेर. कायमचं. आमच्या अबू निम्रनं थुंकून टाकलं त्याच्यावर.’’

‘‘मी नाही,’’ म्हाताऱ्यानं डोळे मिटले. ‘‘सूनच म्हणाली. काका, म्हणाली, माती सोडणारा नवरा मला नको. शंभर वर्षं थांबेन.’’

दिवाणखान्यात वाहवा झाली. वकील शुक्री तेवढा पेल्यात बघत होता.

इन्साफनं अशी वाक्यं पुष्कळ ऐकली होती. बायकांच्या तोंडी घातलेली आणि बायकांच्या तोंडून कधीच न आलेली. एरवी तिनं शेरा मारला असता, नकार, आणि पुढचं घर गाठलं असतं. त्या दिवशी मात्र तिचं डोकं फिरलं. तिनं हातातला पेला तसाच समोरच्या चौरंगावर ठेवला. आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

सगळ्यांच्या नजरा पेल्यावर गेल्या. मुलगी मागायला आलेले पुरुष असा पेला ठेवतात. खुनाचं वैर मिटवायला आलेले ठेवतात. मागितलेलं मिळाल्याशिवाय तो उचलत नाहीत, आणि घरातून पाहुणा कॉफी न पिता उठला तर त्या घराची अब्रू गेली. बाईनं पेला ठेवलेला त्या दिवाणखान्यानं कधी पाहिला नव्हता.

‘‘हे काय आता?’’ कुणीतरी म्हणालं. ‘‘ही काय मुलगी मागायला आलीय?’’

‘‘प्या बाई, गार होतेय,’’ अबू निम्र म्हणाला.

इन्साफनं पेल्याला हात लावला नाही. कॉफीची वाफ विरून गेली तरी नाही. पत्रकाराचं पेन्सिल धरलेलं बोट म्हाताऱ्याला दिसत होतं. शेवटी त्यानं आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ‘‘प्या. अबू निम्रच्या दारातून कुणी रिकामं जात नाही. काय मागायचं ते मिळालं समजा!’’

इन्साफनं गार, कडूजहर कॉफी एका घोटात संपवली. ‘‘तुमची सून. पाव तास. एकटी.’’

म्हाताऱ्याचं तोंड असं झालं की तेवढ्यासाठी इन्साफनं पंचवीस वर्षांची पायपीट माफ केली असती.

स्वयंपाकघरात रनीम भरायची वांगी कोरत होती. इन्साफनं दार लावून घेतलं. आता ही रडेल, मला काय कळतंय मावशी म्हणेल, असं तिनं धरूनच ठेवलं होतं. इन्साफही शेवटी त्या मतं ठोकणाऱ्यांच्याच गावची.

‘‘दोन राज्यं की एक?’’

‘‘जे आधी होईल ते.’’

‘‘असा पर्याय नाही.’’

‘‘मग पर्याय करणाऱ्याला इथे आणून बसवा सात वर्षं.’’

‘‘सशस्त्र लढ्याला पाठिंबा की विरोध?’’

‘‘गेलेला परत येणार असेल तर पाठिंबा. लिहा तसंच.’’

‘‘इस्रायली जनतेला शांतता हवी आहे असं वाटतं?’’

‘‘मला कसं कळणार, मावशी? मला फक्त त्यांचे सैनिक भेटलेत. त्यांच्या लोकांना मी तरी कुठे भेटलेय?’’

चाकू न थांबता चालत होता. इन्साफला स्वतःचीच लाज वाटली आणि पोरगी आवडलीही. मग पुढचा प्रश्न आला. अदलाबदलीत कैद्यांना देशाबाहेर पाठवण्याच्या अटीवर सोडलं, तर तुमचा पाठिंबा की विरोध?

‘‘असं कुणाला सोडतायत का?’’ रनीमनं सहज विचारलं.

इन्साफनं मान वर केली. प्रश्नाच्या बाहेरचा एकही शब्द बोलायचा नाही, समोरच्याला काहीही सांगायचं नाही, हा तिच्या धंद्यातला पहिला नियम. तो मोडणाऱ्या बायकांना तिनं आजवर नावं ठेवली होती. पण समोर ही मुलगी वांगं कोरत उभी होती आणि बाहेर तिच्या नावावर टाळ्या पडून गेल्या होत्या.

‘‘माती सोडणारा नवरा नको, शंभर वर्षं थांबेन,’’ इन्साफ म्हणाली, ‘‘हे तू म्हणालीस?’’

‘‘मी? कुणाला?’’

‘‘निम्रला सोडतायत, पोरी. देशाबाहेर. तुझ्या सासऱ्यानं सांगितलंय की तुलाच नकोय.’’

रनीमनं चाकू खाली ठेवला. हात धुतले, झग्याला पुसले, डोक्यावरचा रुमाल नीट केला. एवढं सगळं तिनं इतक्या सावकाश केलं की इन्साफला बसवेना. मग ती दार उघडून सरळ दिवाणखान्यात गेली.

पुरुषांनी माना वळवल्या. ‘‘झालं का मत देऊन?’’ अबू निम्र हसत म्हणाला. ‘‘जा, पाहुण्यांना खजूर आण.’’

रनीमनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ‘‘वकीलसाहेब, निम्रनं मला काही विचारलं होतं?’’

शुक्रीनं म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ‘‘तीनदा,’’ तो म्हणाला.

‘‘मग मी काय म्हटलं?’’

शुक्रीनं घसा साफ केला. ‘‘तुम्ही... नको म्हणालात. म्हणजे मला तसं सांगण्यात आलं. मी त्याला तेच सांगितलं. त्यानंतर तो माझ्याशी फारसा बोलला नाही.’’

तीनदा विचारून तीनदा बायकोचा नकार ऐकलेला माणूस आत कसा बसला असेल, हे त्या खोलीत फक्त तिला दिसत होतं.

‘‘रनीम, आत जा,’’ म्हातारा दबक्या आवाजात म्हणाला. ‘‘पाहुणे आहेत.’’

‘‘पाहुणे आहेत म्हणूनच बोलतेय, काका. पाहुणे नसताना मी सात वर्षं बोलत होते, ऐकलं कुणी?’’ ती शुक्रीकडे वळली. ‘‘अजून वेळ आहे?’’

‘‘आज दुपारी शेवटचं उत्तर द्यायला जातोय.’’

‘‘मग त्याला सांगा, रनीम म्हणते ये. जिथे पाठवतील तिथे ये. मी येते मागून.’’

पत्रकार भराभर लिहीत होता. अबू निम्रनं ते पाहिलं, आणि त्या माणसाची कमाल म्हणायची, त्याचा चेहरा बघता बघता बदलला. तो मुलाच्या फोटोखाली ताठ बसला, एक हात सुनेकडे केला आणि भरल्या गळ्यानं म्हणाला, ‘‘ऐकलंत? ही माझी सून! घरापेक्षा माणूस मोठा, हे मी पहिल्यापासून सांगत आलोय! आमच्या घरात मत एकच असतं!’’

मानकऱ्यांनी पुन्हा माना डोलावल्या. त्यांना काय, त्यांच्या माना वाऱ्यावरच्या. इन्साफला वाटलं, चौरंगावरचे सगळे पेले उचलून या लोकांच्या अंगावर भिरकावावेत.

‘‘नाही काका,’’ रनीम म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता. ‘‘हे तुम्ही कधीच म्हणाला नव्हता. वकीलसाहेब, माझ्या समोर लिहा. आणि खाली सही मला करू द्या.’’