तिसरं पान

गेल्या वर्षी मेमधल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊ वाजता न्यूयॉर्कजवळच्या वेस्ट विंडसरच्या आमच्या सामुदायिक बागेत घोड्याच्या लिदीचं खत पसरायला सुरुवात झाली. अकरा वाजता सुधा मावशींनी ते थांबवलं. तोपर्यंत अठ्ठावीसपैकी सोळा वाफ्यांवर खत पडलं होतं. पाऊस तीन वाजता येणार होता.

मावशी मूळच्या नागपूरच्या. माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं नोकरी केली होती. निवृत्तीनंतरही त्यांच्या पर्समध्ये स्टीलचा एक लहान डबा असे आणि त्यात माती असे. कोणाकडे जेवायला गेल्या तरी आधी परसातली चिमूटभर माती घेत, हुंगत आणि मग हात धूत. यजमानीणबाईंना वाटे, मावशी बाग बघायला गेल्यात.

बागेत बाहेरून खत आलं की मावशी आठ कुंड्या मांडत. चारांत खत मिसळलेली माती, चारांत नुसती. प्रत्येकीत एडिसनच्या भारतीय दुकानातून आणलेले वाल. तीन आठवडे त्या खताला कोणी हात लावायचा नाही. बागेतले निम्मे सभासद आयटीतले, बहुतेक व्हिसावर आलेले. त्यांनी या प्रकाराला ‘खताचं व्हिसा स्टॅम्पिंग’ असं नाव दिलं होतं. “हसा,” मावशी म्हणत. “तुमच्या व्हिसात खोट निघाली तर तुम्ही परत जाल. याच्यात निघाली तर हे कुठे जाणार? इथंच राहणार.”

खोट कुठून येते हे त्या नव्या सभासदांना वाफ्याच्या कडेला उभं करून सांगत. गवताच्या कुरणात रुंद पानांचं तण मारायला औषध फवारतात. गवत त्याने मरत नाही. त्याच गवताचा चारा होतो. “घोडा खाते अन् सोडून देते. औषध तसंच्या तसं. ते खत तुम्ही टोमॅटोला घालता. टोमॅटोचं पान रुंद. आता सांगा, तण कोण?” नव्या सभासदाची नजर वाफ्यातल्या टोमॅटोकडे जाई. “निसर्गात बाहेर फेकायला जागाच नाही, बापू. जे फेकलं ते कोणाच्या तरी ताटात.”

एप्रिलच्या शेवटी मावशींना मुलीच्या बाळंतपणासाठी टेक्सासला, फ्रिस्कोला जावं लागलं. खत नुकतंच आलं होतं. त्यांनी कुंड्या मांडल्या आणि बागेचा सचिव निखिल याच्या हवाली केल्या. निखिल पुण्याचा, प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनहून रोज न्यूयॉर्कला कामाला जाणारा. कुंड्यांना त्याने एकही दिवस न चुकता पाणी घातलं. सातव्या दिवशी त्याने बागेच्या ग्रुपवर फोटो टाकला. आठही कुंड्यांत वाल वर आले होते. खाली लिहिलं होतं, ‘मस्त मोड आलेत. टेस्ट पास!’ सव्वीस जणांनी अंगठे दिले. त्यात माझाही होता. मोड आले म्हणजे धान्य चांगलं, हे आमच्यापैकी प्रत्येकाने घरच्या ओट्यावर पाहिलेलं होतं. मावशी तेव्हा मुलीबरोबर हॉस्पिटलात होत्या. त्यांनी ग्रुप उघडला तो खत पसरायच्या शनिवारी सकाळी, नेवार्क विमानतळावर उतरल्यावर.

त्या टॅक्सीने थेट बागेत आल्या, बॅग फाटकापाशी सोडली आणि आधी शेडमधल्या कुंड्यांकडे गेल्या. खताच्या चारही कुंड्यांत तिसरं पान वाटीसारखं आत वळलं होतं.

“निखिल, ढकलगाडी थांबव.”

“मावशी, पाणी जास्त झालं असेल. आय मीन, मी रोज घालत होतो.”

त्यांनी दोन कुंड्या उचलून त्याच्यासमोर ठेवल्या. नुसत्या मातीतल्या वालाची पानं सरळ होती. “पाणी दोघांना तूच घातलं ना?”

“हो.”

“मग?”

निखिलने ढकलगाडी खाली टेकवली. “पण मोड तर आले होते, मावशी.”

“बी मोड आपल्या शिदोरीवर काढते. माती काय खाऊ घालते ते तिसऱ्या पानाला कळते. मी तुला काय सांगून गेले होते?”

“तीन आठवडे.”

“मग काहून घाई करून राहिला?”

सव्वाअकरा झाले होते. खत मातीत मिसळलेलं नव्हतं, नुसतं वर पसरलेलं होतं. पावसाआधी ते खरवडून निघालं तर वाफा वाचणार होता. पाणी लागलं की औषध खाली उतरणार आणि त्या वाफ्यात पुढची एक-दोन वर्षं टोमॅटो, वांगी, घेवडा काही येणार नव्हतं. माणसं चौदा होती, फावडी सहा आणि ताडपत्र्या दोन.

बाग उतारावर आहे. सकाळी सर्वांनी मिळून मानाने सगळ्यात आधी खत घातलं होतं ते मावशींच्या वाफ्यात, सात नंबरच्या, सगळ्यात खालच्या. त्या मातीवर त्यांनी बारा वर्षं काम केलं होतं. निखिल फावडं घेऊन तिकडेच निघाला.

“तिकडे कुठे?”

“तुमचा आधी करतो.”

“पाणी वरून खाली येते. वरून सुरू कर.”

“मावशी, प्लीज. तुमचा तरी...”

“वरचा राहिला तर तो खालच्या सगळ्यांना पाजेल. चल, वेळ नको घालवू.”

सगळ्यात वरचा वाफा निखिलचा होता. तो पहिला साफ झाला. एक वाजेपर्यंत सहा झाले, दोनला नऊ. मावशी एकाहत्तर वर्षांच्या. खरवडलेलं खत वाहून नेणाऱ्या ताडपत्रीचं एक टोक त्या धरून होत्या. दोघांनी त्यांना बसायला सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. दोन वाजून चाळीस मिनिटांनी पाऊस आला. अंदाजापेक्षा वीस मिनिटं आधी. तेव्हा अकरा वाफे साफ झाले होते. खालचे पाच राहिले.

ऑक्टोबरमध्ये मावशी कायमच्या फ्रिस्कोला गेल्या. वाफ्यासाठी नऊ जण प्रतीक्षायादीत होते. जाण्याआधीच्या सभेत निखिलने विचारलं, सात नंबर पुढच्याला देऊ का. मावशी म्हणाल्या, “आजारी जमीन दुसऱ्याच्या गळ्यात घालत नसतात. बरी झाली की द्या. तोवर माझ्या नावावर राहू दे. अन् त्याच्यात मका लावा. मका गवताच्या जातीचा, त्याला काही होत नाही. पण औषध धाटांत राहते, ती खताच्या ढिगात टाकू नका.”

या वर्षी मेमध्ये खत आलं. निखिलने आठ कुंड्या मांडल्या आणि एकविसाव्या दिवशी पहिली ढकलगाडी भरली. साफ झालेल्या अकरा वाफ्यांत जुलैत टोमॅटो लागले. खालच्या पाचांपैकी तीन वाफ्यांत घेवड्याची पानं सरळ आली आणि ते उघडले. दोन बंद आहेत. त्यातल्या सात नंबरमध्ये मका आहे आणि पाटीवर सुधा मावशींचं नाव आहे.