एकेक गाव खाली

लिहिलेलं आणि असलेलं यांत तीळभर फरक खपवून न घेणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच आहे, आणि तो आमच्या डोक्यावर राहतो. डोक्यावर म्हणजे वरच्या खोलीत. सगळी गल्ली त्यांना वरचे अण्णा म्हणते. वय साठीच्या आसपास, अंगात पांढरा शर्ट, खिशात एक लाल आणि एक निळी पेन्सिल, आणि घरात माणूस म्हणाल तर एकटे स्वतः. आधी ते टॉवेलच्या कारखान्यात कारकून होते. तिथं कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे कारकून बिचकले आणि अण्णा त्याच्या प्रेमात पडले. पुढं कारखाना सुटला, कॉम्प्युटर सुटला नाही. आता ते वर बसून लहानसहान संस्थांना इंटरनेटवर भरायचे फॉर्म तयार करून देतात.

त्यांच्याबरोबर बाहेर जायला धीर लागतो. आमचे हे एकदा त्यांना घेऊन नवी पेठेतल्या एका हॉटेलात गेले. भिंतीवरच्या फळ्यावर बावीस पदार्थ लिहिलेले. अण्णांनी वेटरला उभं करून एकेक पदार्थ आत खरोखर आहे का, असं विचारायला सुरुवात केली. अकरा निघाले, अकरा नव्हतेच. मालक म्हणाला, फळा जुना आहे काका, मनावर घेऊ नका. अण्णांनी ओलं फडकं मागितलं. "माणूस फळा वाचून भूक लावून घेतंय. मग त्या भुकंचं काय करायचं?" असं म्हणत खुर्चीवर चढून त्यांनी अकरा नावं पुसून टाकली. गोष्ट इथं संपली असती तर बरं होतं, पण आठ दिवसांनी ते पुन्हा गेले, कारण उत्तप्पा परत सुरू झाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं आणि तो फळ्यावर चढला की नाही हे बघायचं होतं. आमचे हे त्या हॉटेलासमोरून जायचं झालं तर आता पलीकडच्या बाजूनं जातात.

घरातही तेच. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. साखर संपली की आधी चिठ्ठी काढायची, मग डबा घासायचा. एकदा चिठ्ठी आपोआप गळून पडली, तर डबाभर साखर शेजारी असून या माणसानं चार दिवस बिनसाखरेचा चहा घेतला. मी म्हटलं, अण्णा, डबा उघडून तरी बघायचा की. ते मनापासून चकित झाले. "उघडूनच बघायचं असंल तर मग चिट्टीला काय अर्थ राहिला, वहिनी?"

मी चौथीपर्यंत शिकले. पुढं धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिले. आता कडक भाकरी करून दुकानांना देते. त्यामुळे फॉर्म म्हणजे काय हे मला कळण्याचं कारण नव्हतं, पण अण्णांनी एकदा मला भाकरीच्याच भाषेत समजावलं. फॉर्मवर एक छोटा चौकोन असतो, त्यावर बोट ठेवलं की खाली यादी उघडते. तालुके दिसतात. बार्शी निवडलं की पुढच्या चौकोनात बार्शीचीच गावं भरून येतात. ही यादी म्हणजे दुकानातली मांडणी. खरा माल लांब कुठंतरी गोदामात, म्हणजे सर्व्हर नावाच्या मोठ्या कॉम्प्युटरात. तिथं प्रत्येक गावाला एक नंबर. आपण गावावर बोट ठेवलं की नाव जात नाही, नुसता नंबर जातो, आणि गोदामवाला त्या नंबरचा माल काढून ठेवतो. म्हणून मांडणी आणि गोदाम ओळीला ओळ जुळलं पाहिजे. तालुका बदलला आणि आधीच्या तालुक्याचं गाव चौकोनात तसंच बसून राहिलं, तर अण्णा कपाळाला हात लावत. पाहुणा गेला आणि चप्पल राहिली, म्हणत. यादीच्या शेवटी 'इतर' असं लिहायला तर त्यांनी कायमचा नकार दिला होता. एका संस्थेच्या माणसानं फार आग्रह केला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "इतरमध्ये कुणी जन्माला येत न्हाय, साहेब."

या जुळवाजुळवीत माझा शिरकाव झाला तो माझ्या वाचनामुळे. मला मोठ्यानं वाचायची लाज वाटते. मी अक्षराला अक्षर जोडत जाते, लोक ऐकतात आणि हसू दाबतात. पण एका दुपारी भाकऱ्या कापडावर वाळत होत्या, अण्णा कागद घेऊन खाली आले आणि पायरीवर बसून म्हणाले, गोदामातली यादी छापून आणलीय, तुम्ही वाचा, मी माझ्याजवळच्या मांडणीवर खुणा करतो. मी म्हटलं, शेजारच्या शिकलेल्या पोरींना बोलवा. ते म्हणाले, त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं. "शिकलेलं माणूस अर्धा शब्द वाचतंय आन् बाकीचा मनानं भरतंय. तुमी अख्खा वाचता." मला कुणी वाचनाबद्दल असं बोललं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांना गावं वाचून दाखवायला लागले. अक्कलकोट, बार्शी, करमाळा, माढा, तालुक्यामागून तालुके. मी नंबर आणि गाव म्हणायची, ते निळी खूण करायचे. जुळलं नाही तर लाल. एक तालुका संपला की चहा.

मग मुलींच्या वसतिगृहाचा फॉर्म आला. एक संस्था खेड्यातल्या मुलींना शिक्षणासाठी सोलापुरात ठेवून घेते, तिचं काम. माझ्या त्याच धाकट्या भावाची मुलगी बारावी झाली होती आणि तिला नर्सिंगला यायचं होतं. गाव बार्शीकडं, आत चिंचोलीला. रोज येणं-जाणं होण्यासारखं नाही. भावानं स्पष्ट सांगितलं होतं, वसतिगृह मिळालं तर शिकेल, नाही मिळालं तर स्थळ बघायला घेऊ. म्हणून तो फॉर्म मी जरा जास्तच जीव लावून वाचला. सगळं जुळलं. शेवटी अण्णांनी लॅपटॉप खाली आणून मला पडद्यावर यादी उघडून दाखवली तेव्हा, मी कधी बोलत नाही ती बोलले. म्हटलं, अण्णा, चौकोनात आधीपासूनच यादीतलं पहिलं गाव बसलेलं दिसतंय, खेड्यातली पोर गडबडीत तेच ठेवून पुढं जाईल. वर एक ओळ तरी घाला, 'गाव निवडा' अशी. विचारल्याशिवाय उत्तर कसं द्यायचं तिनं? अण्णांना ते इतकं आवडलं की त्यांनी माझ्यासमोरच ती ओळ घातली. एकच ओळ होती. त्यासाठी पुन्हा सगळं वाचत कोण बसणार? अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा न वाचून घेता फॉर्म देऊन टाकला.

महिन्याभरानं दुपारी भाचीचा फोन आला. ती रडत नव्हती, पण आवाज बसला होता. वसतिगृहाच्या बाईंनी कळवलं होतं की फॉर्मवर गाव एक आहे आणि रहिवासी दाखल्यावर दुसरं, खोटी माहिती दिली म्हणून अर्ज बाजूला ठेवलाय, परवा यादी लागणार.

"आत्या, जामगाव लिवलंय म्हणतेत त्या. मी चिंचोलीच दाबलं हुतं की. मी कशाला खोटं लिहू?"

मी पीठ तसंच टाकून जिना चढले. इतक्या वर्षांत मी कधी वर गेले नव्हते. अण्णांना सांगितलं. ते आधी हसले. पोरगी आहे, मोबाइल लहान असतो, बोट घसरलं असेल, असं म्हणाले. त्यांचा फॉर्म चुकेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. मला वाईट वाटलं. भाचीचं बोट घसरणारं नाही, तिनं फॉर्म भरण्याआधी चार दिवस सराव केला होता. पण वाद घालणं मला जमत नाही. मी फक्त विचारलं, "अण्णा, मी वाचू का?"

त्यांनी कागद काढून दिला. मी उभ्याउभ्याच बार्शी तालुका उघडला. यावेळी असं ठरलं की ते पडद्यावरची ओळ म्हणतील आणि मी गोदामातली. ते म्हणाले, एक नंबर, गाव निवडा. मी म्हणाले, एक नंबर, अरणगाव. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, दोन नंबर, अरणगाव. माझ्या कागदावर दोनला दुसरंच गाव होतं. माझी ती एक ओळ वर जाऊन बसली होती, तीही मोजली जात होती, आणि तिच्यामुळे खालचं प्रत्येक गाव एकेक पायरी उतरलं होतं. पोरी बरोबर गावावर बोट ठेवत होत्या आणि नंबर जात होता पुढच्या गावाचा. यादीतल्या शेवटच्या गावची मुलगी तर कुठल्याच गावची राहिली नव्हती.

"वहिनी," अण्णा म्हणाले, "सगळ्या पोरी एकेक गाव खाली घसरल्या."

मी म्हटलं, ओळ माझी होती. त्यांनी मान हलवली. "ओळ तुमची, पण मोजायचं काम माझं हुतं."

वर बसून गोदामातले नंबर गुपचूप सरळ करता आले असते, असं त्यांनीच मला सांगितलं. पण तिकडं कागद छापून झाले होते आणि मुलींच्या नावापुढं 'खोटी माहिती' असा शेरा पडला होता. तो शेरा इथून पुसता येणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले आणि म्हणाले, चला, वाचायला तुम्ही लागणार. परक्या माणसांपुढं मोठ्यानं वाचायचं मला नको वाटत होतं. पण भाचीचा आवाज कानात होता. मी चांगलं लुगडं नेसले आणि निघाले.

वसतिगृहाच्या बाई चांगल्या होत्या, पण घाईत होत्या. अण्णांनी उभं राहून, चूक मुलींची नाही, माझी आहे, असं एका दमात सांगितलं. बाईंना खरं वाटेना. त्यांनी कागद ओढून स्वतःच भरभर वाचायला घेतलं. आठ ओळींत दोन गावं गाळली. अण्णा म्हणाले, परत. त्यांनी परत वाचलं, आणखी एक गाळलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि कागद माझ्यापुढं सरकवला. शेरा पडलेल्या बेचाळीस मुली होत्या. मी नाव वाचायची, फॉर्मवरचं गाव, दाखल्यावरचं गाव. माझा आवाज पहिल्या पाच-सहा नावांपर्यंत थरथरत होता, पुढं थरथरायचं विसरला. प्रत्येक वेळी दाखल्यावरचं गाव बरोबर एक ओळ वर निघायचं. तिथला कारकून सुरुवातीला तोंड लपवून हसत होता, नंतर तोच खोडरबर घेऊन शेरे पुसायला लागला. भाचीचं नाव एकविसावं होतं. ते आलं तेव्हा मी मुद्दाम जराही थांबले नाही, नात्याची आहे हे कळायला नको म्हणून. यादी लागली त्यात ती तिच्या स्वतःच्या गुणांवर आली, स्वतःच्या गावासकट.

पुढच्या वर्षीचं काम संस्थेनं पुण्याच्या एका कंपनीला दिलं. बाईंनी फोनवर फार नरमाईनं सांगितलं. अण्णा म्हणाले, बरोबर हाय त्यांचं. भाचीनं नवा फॉर्म मोबाइलवर दाखवला तर त्यांनी यादी वरखाली सरकवून बघितली आणि चांगला केलाय म्हणाले. पहिली ओळ 'गाव निवडा' हीच आहे, आणि एकही गाव घसरत नाही. आता बाकीचीही कामं कमी होत चालली आहेत. दुपारी भाकऱ्या वाळत घातल्या की अण्णा सवयीनं खाली येतात, पायरीवर बसतात, पण हातात कागद नसतो. मग ते म्हणतात, ऊन चांगलं हाय आज. मी म्हणते, व्हय. चहा होतो. एवढ्या बोलण्यावर आमचं भागतं, तक्रार नाही.

रविवारी भाची येते तेव्हा मात्र गप्पा होतात. ते तिला मुलींची खुशाली विचारतात, नावानं नव्हे, गावानं. माढ्याकडची पास झाली का, सांगोल्याकडचीचा ताप उतरला का. ती सांगते आणि ते मान डोलावतात, जणू बेचाळीस घरांत त्यांची सोयरीक आहे. गेल्या रविवारी ते वर गेल्यावर भाचीनं मला विचारलं, आत्या, अण्णांचं स्वतःचं गाव कुठलं? मला सांगता आलं नाही. त्यांच्याकडं कधी कुणी येत नाही, तेही कुठं जात नाहीत. मी त्यांना शेकडो गावं वाचून दाखवली आणि हे एक विचारायचं धाडस मला झालं नाही. फक्त एवढं खरं की वाचताना एका गावापाशी त्यांची निळी पेन्सिल खूण करण्याआधी जराशी थांबायची. इतकी थोडी, की भरभर वाचणाऱ्याला दिसली नसती. ते गाव कोणतं, ते मला पाठ आहे. पण त्यांनी मला सांगितलेलं नाही, म्हणून मी इथं लिहीत नाही.