कॉम्प्रेसरवरचा चहा

महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत कॉम्प्रेसरची चाचणी सुरू झाली, की मशीन चालवणारे एक जुने ऑपरेटर आपला चहाचा ग्लास मशीनवर ठेवतात आणि चहावरचे तरंग बघत बसतात. तरंग निवळले की मगच पितात. थरथर मोजायला माझ्याकडे सेन्सर असल्यामुळे मला याचं हसू यायचं.

एकदा मी हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत होते. ते एकदम म्हणाले, "मॅडम, बास. हवा माघारी फिराया लागलीय."

"रीडिंग ठीक आहे," मी तोऱ्यात म्हणाले.

"रीडिंग आसंल. चहा न्हाई."

आणि मला न विचारता त्यांनी मशीन बंद केलं. मी चिडून त्यांची लेखी तक्रार केली. संध्याकाळी मशीन उघडलं, तर हवेच्या धक्क्यांनी आतल्या पंख्याचं एक पातं मुळाशी तडकलेलं. चाचणीच्या वेळी मी त्याच बाजूला, हातभर अंतरावर उभी होते.

दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या मशीनच्या चाचणीवर होते, तिथे आभार मानायला गेले. तक्रार मागे घेते म्हणाले. त्यांनी तरंगांवरची नजर काढली नाही.

"ऱ्हाऊ द्या की. इचारायला पायजे व्हतं, ही चूकच हाय माझी. पर मॅडम, फुडच्या टायमाला बी न्हाई इचारणार."