आबांची रोख भाऊबीज

पाचशेची नोट पाहिली की आमचे फौजी आबा तोंड वाकडं करायचे. सैन्यातून निवृत्त होऊन ते कराडजवळच्या मलकापुरात माझ्या शेजारी राहायला आले. कपडे कडक इस्त्रीचे, पण खिसा कायम दहा-वीसच्या नोटांनी फुगलेला. "डोंगरात पाचशेची नोट म्हंजी नुसता कागुद," म्हणायचे. "मोडून कोण दील? उंबराचं झाड?"

दर भाऊबीजेला मी त्यांना गाडीने पाटणच्या वरच्या अंगाला, एका वाडीवर न्यायचो. तिथं त्यांची धाकटी बहीण तारा मुलगा-सुनेजवळ राहते. नवरा कधीच गेला. वाटेत एका म्हातारीच्या चहाच्या टपरीवर पैसे द्यायला मी फोन काढला की आबा माझा हात धरायचे. "म्हातारीला फोन दावू नगंस रं. सांच्याला तेल आणायचंय तिला. हातात दे."

ओवाळणी दोन हजारांची, सगळी सुटी. एकदा मी म्हटलं, "आबा, भाच्याच्या फोनवर टाका की. घरात पोचली म्हणजे झालं."

घाट लागला तसे आबा माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "त्येच्या फोनवरचं पैसं खताच्या दुकानात जात्यात. त्येची चूक न्हाई, शेती हाय. पर तारीला लेकीकडं विट्याला जायाचं असलं, तर वडापचं भाडं पोराकडं मागायचं व्हय? मागितलं तर दील बी त्यो. पर मागायला लागलं की ती जायाचीच न्हाई."

मी मनात हिशेब केला. वाडीतून पाटणपर्यंत वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी जीप, पुढं एसटीचं अर्धं तिकीट. दोन हजारांत लेकीचं वर्षभराचं माहेरपण उलटं व्हायचं. आईच लेकीकडं जायची.

त्यांच्या शेवटच्या भाऊबीजेला मलकापुरातलं एटीएम रिकामं निघालं. कराडलाही तेच, पाटणलाही तेच. दिवाळीला शहरातली माणसं गावी आलेली. मशीन कितीजणांना पुरणार? मी म्हटलं, परत फिरू. आबा सरळ वडापच्या जीपपाशी गेले आणि बसणाऱ्यांकडून भाडं गोळा करू लागले. ड्रायव्हरला म्हणाले, "तुझं पैसं ह्यो गडी फोनवरनं देतुय."

"आवं आबा, मग कंडक्टरची पिशवी बी अडकवा की गळ्यात!" ड्रायव्हर हसला.

"दात नगंस काढू. मागच्या जीपवाल्याला हाक मार."

जीपमागून जीप भरत गेली. उन्हं कलली तेव्हा दोन हजार पुरे झाले.

ताराबाईंनी ओवाळलं. ताटात मळक्या नोटांचा ढीग पडला. "दादा, देवळाची पेटी फोडलीस का काय?" म्हणत त्यांनी तो पदरात ओढला. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पुढची दिवाळी आबांनी पाहिली नाही. त्यांच्या मुलाने पुण्याहून आत्याला पाच हजार पाठवले, आतेभावाच्या फोनवर. भेटला तेव्हा मला त्याने ते अभिमानाने दाखवलं. मी म्हटलं, "त्यांच्या हातात द्यायला हवे होते रे." तो म्हणाला, "काका, एकाच घरात तर राहतात." आकड्याने पाहिलं तर त्याचंच बरोबर होतं. बापाच्या अडीचपट दिले होते पोराने.

उन्हाळ्यात विट्याहून ताराबाईंच्या लेकीचा फोन आला. "काका, आई औंदा एकदाबी आली न्हाई. बरी हाय न्हवं?"

मी वाडीवर तिच्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "आई एकदम ठणठणीत हाय. कुटं जायाचंय असं म्हणतच न्हाई आता."