नाशिकरोडच्या संग्रहालयातला गार्डचा डबा

माझा नवरा प्रशांत मालगाडीवर गार्ड आहे. आता या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या घरी अजून गार्डच. मुलं लहान होती तेव्हा समजायला सोपं म्हणून ‘बाबा गाडी चालवतो’ असं मी सांगून टाकलं होतं. गेल्या महिन्यात सायलीच्या वर्गातल्या एका मुलीने तिला सांगितलं की गार्ड म्हणजे वॉचमन. त्याच आठवड्यात शाळेचं गॅदरिंग होतं आणि प्रशांतला ऐनवेळी ड्युटी लागली. अकरा वर्षांची सायली तेव्हापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलते.

नाशिकरोडला रेल्वेच्या जुन्या वस्तूंचं एक छोटं संग्रहालय आहे, हे मला ऑफिसात कळलं. शनिवारी सायली आणि सहा वर्षांचा ओजस यांना घेऊन जायचं ठरवलं. त्यामागे फार मोठा विचार होता असं म्हणणार नाही.

आम्ही इंदिरानगरला राहतो. द्वारका चौकातली गर्दी टाळून वडाळागावातून पुणे रस्त्याला लागलं की स्कूटरवर अर्ध्या तासात नाशिकरोड येतं. आधी मिसळ खाल्ली. ओजसने फक्त पापड आणि दही खाल्लं. लहान मुलं बरोबर असतील तर पाणी घरूनच भरून न्या, संग्रहालयात सोय नाही. पाटी छोटी आहे, आम्ही एकदा पुढे जाऊन परत आलो. मोठ्यांना दहा रुपये तिकीट, मुलांना काही नाही. दुपारी एकला कुलूप लागतं.

आत दोन खोल्या आणि मागे रुळाचा एक तुकडा, एवढंच. दाखवायला गांगुर्डे काका असतात. रुळांचे सांधे बदलणारे पॉइंटमन म्हणून निवृत्त झालेले, निफाडकडचे. रॉकेलचे कंदील, सिग्नल ओढायचे लोखंडी खटके, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. पुठ्ठ्याच्या तिकिटावर तारीख उठवणारं यंत्र अजून चालतं. काकांनी ओजसला ते दाबू दिलं आणि मग अर्धा तास तो तिथून हलला नाही. सायली पाट्या वाचत पुढे गेली. तिला कंटाळा आला होता, आणि तिने तो लपवलाही नाही.

मागच्या रुळावर मालगाडीच्या शेवटी जोडतात तो, एक जुना गार्डचा डबा उभा आहे. चार पायऱ्या चढून आत गेलं की लाकडी बाक, एक खिडकी आणि हाताने फिरवायचं ब्रेकचं चाक. बाकी काही नाही.

“पंखा?” सायलीने विचारलं.

“कुठला पंखा!” काका म्हणाले.

“जेवायचं कुठे?”

“मांडीवर डबा घ्यायचा.”

“आणि बाथरूम?”

काकांनी माझ्याकडे बघितलं. “गाडी थांबली की बघायचं, बाळा.”

“मग गार्ड इथे बसून करतो काय? राखण?”

हे तिने ज्या आवाजात विचारलं, त्यावरून वर्गातली ती मुलगी अजून तिच्या डोक्यात आहे हे मला कळलं. काकांना यातलं काही माहीत नव्हतं. ते पायरीवर बसले.

“घाट चढताना गाडी मधेच तुटली, तर पुढचं अर्धं ड्रायव्हरकडं. मागचं अर्धं कुनाचं? ते उताराला लागलं तर? गार्डनं हे चाक फिरवायचं, जीव खाऊन. मग खाली उतरून मागं चालत जायचं आन् रुळावर फटाके बांधायचे. मागून दुसरी गाडी आली तर फटाका वाजतो, तिचा ड्रायव्हर थांबतो. किलोमीटरभर चालावं लागतं, एकट्यानं. लय जोखमीचं काम हाय ते.”

“बाबाच्या गाडीचं असं झालंय कधी?” तिने मला विचारलं.

झालं होतं. सायली दीड वर्षाची असताना प्रशांतच्या गाडीचं दोन डबे जोडणारं कपलिंग घाटात तुटलं होतं. दुसऱ्या दिवशी तो घरी आला तेव्हा त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. त्याला घास भरवताना मी काही विचारलं नाही आणि त्यानेही चार वाक्यांच्या वर सांगितलं नाही: गाडी तुटली, चाक आवळलं, मागे जाऊन फटाके बांधले, झालं. मी सायलीला एवढंच सांगितलं.

“मग मला कुणी सांगितलं का नाही?”

तू घाबरशील म्हणून, असं म्हणता आलं असतं. पण खरं म्हणजे आम्ही तो विषयच बंद केला होता.

तिला डब्यात एकटं बसायचं होतं, दार लावून. काकांनी परवानगी दिली. मी बाहेर उभी राहिले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. एक वाजून गेला तरी काकांनी किल्ल्या खिशातच ठेवल्या. ओजस तारखा उठवलेली तिकिटं मोजत होता. सायली बाहेर आली तेव्हा घामाने निथळत होती.

“त्या बाकावर पाठ टेकता येत नाही,” ती म्हणाली.

आम्ही घरी पोचलो तेव्हा प्रशांत ड्युटी करून येऊन झोपला होता. संध्याकाळी चहाला उठला. सायली त्याच्यासमोर बसली.

“बाबा, तू फटाके बांधायला गेलास, तेव्हा डब्यांजवळ कोण होतं?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चहा गाळत राहिले.

“कुणी नाही,” तो म्हणाला.

“मग ब्रेक सुटला असता तर?”

“म्हणून तर हाताला लागेपर्यंत आवळला होता.” कप खाली ठेवून त्याने हवेतच चाक फिरवून दाखवलं. चाक शेवटी कुठे अडलं, खांदा कसा लावला, सगळं. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते.

जायचं असेल तर सकाळी लवकर जा आणि त्या डब्यात थोडा वेळ बसा. तासाभरात सगळं बघून होतं. आमच्या घरी त्या सहलीने फार काही बदललं असं नाही. गॅदरिंगचं सायलीने अजून माफ केलेलं नाही, तसं तिने बोलूनही दाखवलं.

मंगळवारी प्रशांतला ड्युटीचा फोन आला. तो बुटाची नाडी बांधत होता.

“कुठपर्यंत?” सायलीने वहीतून डोकं वर न काढता विचारलं.

“मनमाडहून इगतपुरी.”

“घाट तर इगतपुरीच्या पुढे. म्हणजे आज घाट नाही.”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि पुढचं गणित सोडवायला लागली.