ड्रॅगनले चारा कोन टाकते?

ड्रॅगनला रोज किती चारा लागत असेल आणि तो कोण टाकत असेल, याची मनापासून काळजी करणारा माणूस साऱ्या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि देवाने तो नेमका मला सासरा म्हणून दिला आहे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. तर हे मामाजी मूळचे पक्के शेतकरी. अकोटच्या बाजूला काळ्या मातीचं वावर, राहायला अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. सहा फुटी देह, पांढराशुभ्र पायजमा, आणि आवाज असा की घरात हळू बोलले तरी शेजारच्या बाईने "ओ" द्यावी. मी अमरावतीत कॉलेजात गणित शिकवतो. जी गोष्ट मुळात नाहीच तिच्यावर वेळ घालवणं मला कधी जमलं नाही. राक्षस, जादूगार, उडते घोडे यांच्या वाऱ्याला मी उभा राहत नसे. आज मात्र कोणत्या ॲपवर कोणता ड्रॅगन हिंदीत बोलतो हे मला कोणीही झोपेतून उठवून विचारावं. ही सारी मामाजींची कृपा.

मामाजींची पहिली खोड म्हणजे ते लेकीच्या घरचं पाणी पीत नसत. एकदा कन्यादान केलं की लेकीच्या घरी जेवायचं नाही, राहायचं नाही, ही जुनी रीत. नातवंड झालं की ही अट सुटते म्हणतात. आमच्याकडे ती वेळ काही आली नाही, त्यामुळे अट जशीच्या तशी राहिली. लग्नानंतर कितीतरी वर्षं मामाजी यायचे ते उभ्या उभ्या. व्हरांड्यात खुर्चीच्या अगदी कडेला टेकायचे आणि लेकीने पाण्याचा गडवा पुढे केला की म्हणायचे, "स्टँडवर पेलो ना बाई." जेवणाचं विचारलं तर "खाऊन निंगालो." एकदा भर उन्हात आले, ओठ सुकलेले, घामाने सदरा अंगाला चिकटलेला, तरी स्टँडवरच पेलेले! मला असा राग यायचा म्हणून सांगू. माणूस आहे की उंट, असं मी बायकोला म्हटलंही. तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

मग सासूबाई गेल्या. मामाजी त्या मोठ्या घरात एकटे राहू लागले, आणि एका सकाळी चक्कर येऊन न्हाणीघरात पडले. शेजाऱ्यांच्या लक्षात येईपर्यंत तिथेच पडून होते. त्या दिवसापासून बायकोचं एकच पालुपद सुरू झालं, की बाबांना इकडे आणायचं. आणि बाबांचं एकच उत्तर, "लेकीच्या घरी रायनं शोभत नाई." शेवटी डोळ्यातल्या मोतीबिंदूने आमची बाजू घेतली. ऑपरेशन अमरावतीतच करायचं ठरलं, डॉक्टरांनी काही दिवस जवळ राहायला सांगितलं, आणि मामाजी आले. येताना ज्वारीची एक अख्खी गोणी घेऊन आले. गोणी स्वयंपाकघरात टेकवून मला म्हणाले, "जवाईबापू, हे माह्या वावरातली ज्वारी हाय. मी हेच खाईन. म्हंजे तुमच्या घरचं खाल्लं असं व्हत नाई." पाण्याचं काय, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बायकोने असं काही पाहिलं माझ्याकडे, की मी गोणी कोपऱ्यात सरकवायला लागलो.

पट्टी निघाली तेव्हा मी सहज टीव्ही लावला. नव्या डोळ्याला पहिलं दृश्य दिसलं ते असं, की एक भला मोठा ड्रॅगन एक अख्खं शहर जाळतो आहे. मामाजी खुर्चीत सावरून बसले. म्हटलं आता शिव्या ऐकाव्या लागणार. पण नाही! पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "बाप्पा बाप्पा! काय रंग हाय हो त्याचा! हे जनावर कोनतं?" मी म्हटलं, ड्रॅगन. "खाते काय?" मी म्हटलं, माणसं वगैरे. "माणसं काई रोज भेटतात काय? बाकीच्या दिवशी? आमच्या बैलजोडीले कडबा पुरता पुरत नाई, आन् हे एवढं धूड! याले चारा कोन टाकते? याले बांधाचा कोठा कोठी हाय?" उत्तर मिळेपर्यंत पाहायचं, असं मामाजींनी तिथल्या तिथे ठरवलं.

त्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की आमच्या घरात राज्यं उठू-बसू लागली. मामाजी मालिका बघत नसत, पंचनामा करत. सैन्य चाललं की पहिला प्रश्न, "एवढ्या लोकायची भाकर कोठी भाजून राहिले?" बर्फाच्या राज्यातले सरदार दारू पीत बसलेले दिसले की म्हणायचे, "बारा महिने बरफ! पीक तं दिसतच नाई. मंग हे लोकं दारू कायची काढतात?" परकी नावं त्यांना घेता येत नसत, म्हणून त्यांनी सगळ्यांना आपल्याकडची माणसं वाटून दिली. कपटी प्रधान म्हणजे गावच्या सोसायटीचा सचिव. नवऱ्याला गुंडाळून ठेवणारी राणी म्हणजे भातकुलीच्या नात्यातली एक सून. एकदा एका जादूगारणीने मंत्र म्हणून आभाळ भरून आणलं, तर मामाजींना एवढा आनंद झाला की टाळी दिली मला. पण तिने त्या पावसात शत्रूची फौज बुडवली मात्र, गडी भडकला. "काय कामाची हाय हे बाई? इकडं सोयाबीन वाळून चाललं, आन् हे पानी कोठी टाकून राहिली पाहा!" त्यानंतर त्या बाईचं तोंड पाहायला ते तयार नव्हते. ती मालिका आम्हाला अर्ध्यावर सोडावी लागली.

अशी मालिका सुटणं आम्हाला परवडणारं नव्हतं, कारण पहिली मालिका सुरू झाली तेव्हाच मामाजींनी जाहीर करून टाकलं होतं, "शिरेल सरली का मी चाललो." आणि ते शब्दाचे पक्के! पहिली मालिका संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी पिशवी घेऊन निघाले. बायको दाराशी रडत उभी, आणि हे "डोळा बरा झाला ना बाई, आता काहून थांबू?" म्हणत रिक्षात बसले सुद्धा. मी आधी तिला समजावत बसलो. मग तिच्या डोळ्यांकडे पाहून माझ्याच्याने राहवेना. गाडी काढली आणि स्टँडवर पोचलो. मामाजी अकोल्याच्या एस.टी.त खिडकीजवळ बसलेले. मी खालूनच ओरडलो, "मामाजी, उतरा! दुसरा सीझन आला!"

अख्खी गाडी माझ्याकडे पाहू लागली. पुढच्या बाकावर कॉलेजातल्या माझ्याच दोन विद्यार्थिनी बसलेल्या. मामाजींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "त्यात चारा दाखोते काय?" मी म्हटलं, दाखवते, दाखवते. कंडक्टरने घंटीची दोरी हातात धरून ठेवली होती. तो म्हणाला, "बाबा, उतरा ना मंग. जवाई एवढा बलावून राहिला." मामाजी उतरले. पिशवी माझ्या हातात देत एवढंच म्हणाले, "तिकीट काढलं नोतं म्हून बरं."

तिथून माझी वणवण सुरू झाली. एखाद्याने उपवर मुलीसाठी स्थळं पाहावीत तशा मी मालिका पाहू लागलो. एका ॲपवर पहिले दोन सीझन, तिसरा भलत्याच ॲपवर. पहिला सीझन हिंदीत, दुसऱ्यात सगळे एकदम इंग्रजी फाडायला लागलेले, आणि मामाजींना खालची अक्षरं वाचायची भारी कटकट. कुठे राज्य चांगलं तर भाग मोजकेच, कुठे भाग भरपूर तर सगळी कथा शहरातल्या शाळेत. मी वर्गात फळ्याकडे तोंड करून पोरांना विचारू लागलो, "कोणी नवीन काही पाहिलं का रे? राजेरजवाडे, जादू, आणि थोडी शेती असलेलं?" वर्गात असा काही हशा, की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. पण पोरं गुणी. रोज कोणी ना कोणी नवं नाव आणून देई.

पोरांनी आणलेल्या एका नावाने मात्र घात केला. वाडा छान, घोडे छान, आणि तिसऱ्या भागात अचानक राजा-राणी नेसूचंही टाकून मोकळे! मी रिमोट शोधतोय तर तो मामाजींच्या मांडीखाली. बायको पंख्याकडे पाहतेय, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मामाजींची मात्र नजर ढळली नाही. शांतपणे म्हणाले, "कपड्याची लय टंचाई दिसते. कापूस पिकत नसन तिकडं." मग रिमोट काढून माझ्या हातात दिला. "दुसरं लावा."

इकडे दुसरीच गंमत चालली होती. ती ज्वारीची गोणी कधीच संपली होती. संपली हे मामाजींना कळलं तर ते त्याच पावली निघतील, म्हणून बायको गुपचूप बाजारातून ज्वारी आणून त्याच गोणीत ओतत होती. मामाजी येता-जाता गोणीवर हात ठेवून म्हणायचे, "पुरून राहिली बाप्पा!" ती म्हणायची, "हो बाबा, बरकत आहे तुमच्या वावराला." म्हणजे इकडे गोणी संपू द्यायची नाही, आणि तिकडे मालिका संपू द्यायच्या नाहीत. आम्ही दोघं नवरा-बायको या दोनच उद्योगांना लागलो होतो. ज्वारी बाजारात मिळते हो! नवे ड्रॅगन कुठून आणायचे?

आणि अखेर ते झालंच. सारी ॲपं पालथी घातली, पोरांची नावंही आटली. हाताशी एकच मालिका उरली होती, म्हातारा राजा आणि त्याची हातची गेलेली गादी यांची, मामाजींना सगळ्यात आवडलेली. कारण त्या राजाच्या राज्यात एका भागात चक्क नांगर दाखवला होता. तिचाही आता शेवटचा भाग तेवढा राहिला. त्या दुपारी बायकोने पानं वाढली, पण तिचं लक्षच नव्हतं. जेवणं झाली. मामाजी खुर्चीत जाऊन बसले. "लावा, जवाईबापू." मी रिमोट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि म्हटलं, "नेट गेलं वाटतं."

मामाजींनी कोपऱ्यातल्या नेटच्या डबीकडे पाहिलं. "हिरवा दिवा तं लागून राहिला."

बायको ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिचे डोळे भरलेले. मामाजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग घसा खाकरला.

"राहू द्या. शेवट काय पयून चालला काय? राजा मरन, नाई तं गादीवर बसन. मले काई घाई नाई." आणि लेकीला म्हणाले, "बाई, संध्याकाई भाकर जराशीक पातळ थाप. आन् वरतून ठेचा दे."

लेकीच्या घरी या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा काही मागून घेतलं होतं. ती तशीच उभी राहिली. कसंबसं म्हणाली, "बाबा, ती ज्वारी..."

"मले समजत नाई काय? गोनी कवाच सरली. पयल्याच घासाले समजलं होतं. माह्या वावरातली ज्वारी गोड रायते. हे इकतची हाय." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बरी हाय पन. खाऊन राहिलो ना."

बायको आत पळाली. मी टीव्हीकडे पाहत बसलो, आणि टीव्ही बंद होता.

त्याला आता बराच काळ लोटला. मामाजी आमच्याकडेच असतात. वावर भागीदाराकडे दिलं आहे, अकोल्याच्या घराला कुलूप आहे. हल्ली त्यांना ऐकू कमी येतं, बोलणं आपलं आपणच जास्त असतं. नवी मालिका लावली तर पाहतात, मधेच डुलकी लागते, जागे झाले की विचारतात, "भेटला काय चारा त्याले?" मी म्हणतो, भेटला. कधी मधेच त्यांना त्या म्हाताऱ्या राजाची आठवण येते. "काय झालं असन हो त्याचं?" मी विचारतो, पाहायचं का मामाजी? ते मान हलवतात. "आज नको."

खरं सांगायचं तर मलाच राहवत नाही. राजा गादीवर बसला की गेला, ही हुरहूर माझ्यासारख्या गणिताच्या माणसाला लागावी याचं माझं मलाच हसू येतं. ते दुपारी झोपलेले असतात, रिमोट माझ्या हाताशी असतो, एक बटण दाबलं की सगळं कळेल. कितीदा बोट तिथपर्यंत जाऊन आलं आहे. पण शेवट पाहिला की जायचं, अशी त्यांची अट आहे, आणि ती त्यांनी अजून मागे घेतलेली नाही. मी टीव्ही बंद करतो आणि त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट करतो.