तीन डंक आणि एक रांग

…तर काल राहिलं ते असं, की मनालीने लालबागच्या त्या मसाला कुटून देणाऱ्या कांडपावरच्या तिन्ही रांगा मोडल्या आणि एकच केली. कांडप तिच्या सासऱ्यांचं, जयवंतरावांचं. मनाली कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, पण मे महिन्याच्या सुट्टीत नाकाला रुमाल बांधून, शिंकत शिंकत इथे हजर! मसाल्याचा मोसम, मिरची कुटणारे तीन डंक धडाधड चालू, तरी बायका कंटाळून परत जायच्या. जयवंतरावांनी तर सांगूनच टाकलं होतं, "यंदाही गिऱ्हाईक परत गेलं, तर गाळा भाड्याने देणार."

मनालीचं गणित सरळ होतं. कुणी अख्ख्या चाळीची मिरची घेऊन आली की तिच्या मागच्या सगळ्या अडकतात, आणि शेजारचा डंक माश्या मारत बसतो. म्हणून रांग एकच. जो डंक मोकळा होईल, तिथे पुढची बाई.

पण झालं काय, डंक मोकळा झाला आणि पुढची बाई हलेचना! मालवणकडच्या शांतामावशी पिशवी पोटाशी धरून उभ्या.

"मावशी, जा ना, तुमचा नंबर."

"थंय नको गो बाय! माझ्या आधी कोणाचो मसालो कुटलास? तेंच्यात काय काय घातलेला, माका काय म्हायत? मी आपली शेजारणीच्या मागे बरी."

हे मात्र मनालीच्या गणितात कुठेच नव्हतं. उखळाला आधीच्या घरचा मसाला चिकटून राहतो, तो आपल्यात येतो. म्हणून बायका ओळखीच्या घरामागेच रांग धरत होत्या.

"राहू दे पोरी," जयवंतराव म्हणाले, "तीन रांगाच बऱ्या."

तिने ऐकलं नाही. घरी जाऊन तांदळाचा डबाच उचलून आणला. मूठभर तांदूळ मावशींच्या डोळ्यांदेखत कुटले, उखळाला चिकटलेला मसाला ओढून लालसर झालेलं पीठ झाडून काढलं. मावशींनी उखळात डोकावून बोट फिरवलं, वास घेतला, आणि पिशवी ओतली. मागच्या बायका आपसूक पुढे सरकल्या. त्या दिवशी कुणी म्हणून परत गेलं नाही.

जयवंतराव चकित. "अगं, प्रत्येकीला तांदूळ कुटायचे म्हणजे वेळ वाढला. मग रांग लवकर कशी सरली?"

मनाली म्हणाली, "बाबा, तांदळाला लागतो त्याहून जास्त वेळ तुमचे डंक रिकामे बसून घालवत होते. गाळ्याचं डोक्यातून काढा आणि उद्याचे तांदूळ तेवढे आणा; घरातले सगळे मी आज कुटलेत."